गव्हर्नरच्या तोंडची शाळा

कुणालाही खरं वाटणार नाही, पण एके काळी या शहरावर राज्य होतं फ्रेंच साहेबाचं, आणि साहेबाच्या तोंडात जीभ होती ती भोंगामामांची.

यात अतिशयोक्ती किती ते तुम्ही ठरवा. मामांनी ते ठरवणं कधीच सोडून दिलंय. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्या काळी सिनेमा यायचा तो सरकारचा, आणि बोलायचा तो फ्रेंच. बघणाऱ्यांना फ्रेंच कळायचं नाही. म्हणून पडद्याशेजारी एक माणूस उभा करत, त्याच्या हाती पत्र्याचा भोंगा देत, आणि पडद्यावरचा साहेब काय म्हणतोय ते त्याने लोकांना लोकांच्या भाषेत सांगायचं. मशीनवाला साहेबाचा आवाज बारीक करी आणि याचा आवाज मोठा होई. सरकारदरबारी त्याला दुभाषा वगैरे म्हणत असतील. लोक नुसतं 'सांगणारा' म्हणत. मिसरूड फुटायच्या वयात मामा या कामाला लागले, ते साहेब बोटीत बसून कायमचा निघून जाईपर्यंत सांगतच राहिले.

ग्यानबाची मेख अशी, की मामांनाही फ्रेंच येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. गव्हर्नरच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना जेवढं कानावर पडलं तेवढं येत होतं : आण, ने, पूस, खारट झालंय, आणि गाढवा. एवढ्या भांडवलावर त्यांनी साहेबाची भाषणं, साहेबाच्या लढाया आणि साहेबाचं शेतीविषयक मार्गदर्शन लोकांना समजावून सांगितलं. जिथं 'गाढवा' ऐकू आलं तिथं शब्दाला शब्द. बाकी सगळं मनाचं.

"लोक खूश, साहेबही खूश," मामा सांगत. "टाळ्या ऐकून साहेबाला वाटायचं, आपलं बोलणं पोचलं. अरे, पोचलंच की! वाटेत मी त्याचे कपडे बदलले, एवढंच."

घरात हे सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. जावई मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसत. मामींची तर रीतच ठरलेली. मामांनी 'त्या काळी' म्हणून घसा खाकरला, की मामी निवडायची भाजी उचलून मागच्या अंगणात जायच्या आणि आपली पोचे पडलेली पत्र्याची बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या. घरात खुर्च्यांना तोटा नव्हता, पण मामींचं आसन म्हणजे ती बादली. तिला कुणी हात लावायचा नाही. एका सुनेनं नवी असताना ती भंगारवाल्याला दाखवली होती. ती सून अजून बादलीला वळसा घालून जाते.

पण मामांना खरा सल होता तो घरच्यांचा नव्हे. सल होता दगडाचा.

विद्यापीठाचं जुनं सभागृह आहे ना, त्याच्या दारावर एक दगड बसवलेला होता. त्यावर कोरलेलं : 'ही शाळा गव्हर्नरसाहेबांनी येथील जनतेस कृपापूर्वक दिली.' त्या शाळेचंच पुढे वाढत वाढत विद्यापीठ झालं. मामा रोज सकाळी फिरायला निघाले, की वाकडी वाट करून दारापाशी थांबत आणि काठीनं बरोबर 'कृपापूर्वक'वर टकटक करत.

"कृपा म्हणे! शाळा माझ्या तोंडची आणि दगडावर नाव ह्याचं!"

पहारेकरी म्हणे, "मामा, दगड फुटेल."

"फुटू दे. माझं डोकं कधीचं फुटलंय."

आणि एक दिवस भाची आली ती चपलासुद्धा न काढता. ही भाची विद्यापीठात फ्रेंच शिकवते. ("आमच्या घराण्यात फ्रेंच समजणारं पहिलं माणूस," मामा अभिमानानं सांगतात. "मी होतो, पण मी फक्त बोलायचो.")

"मामा, पुलाचं रीळ सापडलं!"

मामांच्या हातातला कप थांबला. "कुठला पूल?"

"नदीवरचा. उद्घाटनाचं रीळ. तिकडे, त्यांच्या राजधानीत, कुठल्याशा तळघरात पडलं होतं. आमच्या महोत्सवाला मिळालंय. शेवटच्या दिवशी दाखवणार."

महोत्सव भाचीच्याच डोक्यातून निघालेला. आठवडाभर फ्रेंच भाषेतले सिनेमे : साहेब गेला तरी मनातून न गेलेल्या साहेबाचे, दोन भाषांच्या मध्ये लटकलेल्या लेकरांचे, आईबापांना विचारायच्या राहून गेलेल्या प्रश्नांचे. कुठून कुठून आलेले. जिथं जिथं तो साहेब बूट वाजवत फिरला होता, तिथून तिथून.

"आणि तू सांगायचंस," भाची म्हणाली. "भोंगा घेऊन. तेव्हा सांगितलं होतंस तसंच."

मामांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? पुलाचं रीळ सापडलं. मी सांगणार आहे. येतेस ना?"

अंगणातून उत्तर आलं, "घरबसल्या ऐकतेय तेवढं पुरे नाही का?"

आता विद्यापीठ म्हटलं की विभाग आला, आणि विभाग म्हटला की विभागप्रमुख बाई आल्या. बाई सरळ, पण शिस्तीच्या. मामांना त्यांनी मानानं खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग चष्मा कपाळावर चढवला.

"आजोबा, राग मानू नका. या रिळातल्या भाषणात गव्हर्नरनं शाळेचं वचन दिलं, असं तुम्ही सांगत आलात म्हणे. आम्ही रीळ पाहिलं. भाषणात शाळेचा शब्दसुद्धा नाही."

"हेच तर मी जन्मभर सांगतोय!" मामांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा बशीत आला. "तो कुठे बोलला? मी बोललो!"

"याला पुरावा काय?"

"बाई, तुम्ही बसलाय कुठे?"

बाईंनी नकळत खुर्ची चाचपून पाहिली.

"इमारत आहे, एवढ्यानं सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या, आणि तसं त्यांचंही चुकत नव्हतं. "दारावरचा दगड वेगळं सांगतो. महोत्सव संपला की सभागृहाची डागडुजी निघतेय. तो दगड साफ करून, अक्षरांना सोनेरी रंग देऊन पुन्हा बसवायचा, असं ठरत आलंय. कुणाच्या शब्दावर थांबवू मी ते? वकिलातीचे पाहुणे पहिल्या रांगेत असणार, आणि तुम्ही त्यांच्या गव्हर्नरच्या तोंडी वाटेल ते घालणार. लोक म्हणतील, विद्यापीठ थापा दाखवतंय."

सोनेरी रंग ऐकून मामांनी काठी उचलली. भाची पुढे झाली.

"बाई, आपण सगळे म्हणतोय, हा सिनेमा इथल्या लोकांनी पाहिला. पण जो त्यांनी बनवला तो इथं कुणी पाहिलाच नाही. इथल्यांनी पाहिला तो मामांचा. मग इथल्यांची आठवण कुठली धरायची?"

बाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. ही चांगली खूण असते, असं भाची नंतर म्हणाली.

"दोनदा दाखवू. आधी जसं आहे तसं, खाली आपल्या भाषेत अचूक भाषांतर देऊन. मग आवाज बंद करून आजोबांचं. सभागृह काय ते ठरवेल. आणि दगडाचं मीही त्यानंतरच ठरवेन."

त्या दिवसापासून मामांची झोप उडाली. माळ्यावरून भोंगा काढला. त्यात कोळ्यानं तीन पिढ्या संसार केलेला. तो झाडला, पुसला, त्यात बोलून पाहिलं, तर नवे दात आणि जुना भोंगा यांचं काही जमेना. प्रत्येक शब्दामागे आत खडखड. भाची म्हणाली, "मामा, माइक घे."

"माइकला पोट नसतं," मामा म्हणाले. "भोंग्याला आहे. शब्द आधी पोटात जातो, तिथं थोडा फुगतो आणि मगच बाहेर पडतो."

"म्हणूनच तुमचे सगळे शब्द फुगलेले," अंगणातून आवाज आला.

शेवटच्या दिवशी, भर दुपारी, सभागृह खचाखच भरलं. तरुण पोरं पायऱ्यांवर, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पाहुणे पहिल्या रांगेत, आणि दाराशी उभं राहायलाही जागा नाही. मामांनी पडद्याशेजारून मान उंचावून पाहिलं. जावई आले होते, सुना आल्या होत्या. मामी काही दिसल्या नाहीत. बरं वाटलं की वाईट, ते त्यांनाच कळलं नाही.

दिवे गेले. रीळ लागलं.

नदी. पूल. टोपीला पिसं लावलेला गव्हर्नर. फ्रेंचमध्ये एक गोड, जाड, जेवून उठल्यासारखा आवाज, आणि खाली पडद्यावर भाचीनं केलेलं भाषांतर : 'या लोकांना हात आहेत. डोकं आम्ही सोबत आणलं आहे.' मग डोक्यावर दगड घेऊन चाललेल्या मुलींची लांबलचक रांग. 'ही लेकरंच आहेत. यांना काय हवं ते यांना स्वतःला ठाऊक नाही. ते आम्ही ठरवतो.' गव्हर्नर बोलतो, हात वर करतो, आणखी बोलतो. मग भाषण संपतं, तो तोंड मिटतो, रुमालानं ओठ पुसतो आणि नदीकडे बघत उभा राहतो, बराच वेळ, जणू नदीही त्यानंच आणून सोडली आहे. समाप्त.

कुणी टाळी वाजवली नाही. पायऱ्यांवरची एक पोरगी शेजारणीला म्हणाली, "आमची पणजी होती दगड वाहायला," आणि एवढं हळू बोललेलं सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. पाहुणे आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होते.

मामा भोंगा धरून उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना पळून जावंसं वाटत होतं. त्या आवाजाचा अर्थ त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळला होता. 'आण, ने, पूस' एवढंच कळत होतं तोवर बरं होतं. या माणसाच्या तोंडी आपण विनोद घातले? या तोंडी?

"मामा," भाची कानाशी म्हणाली, "लोक वाट बघताहेत. हे ऐकून तसेच घरी जातील."

रीळ पुन्हा सुरू झालं. आवाज बंद. पिसांची टोपी पडद्यावर आली, ओठ हलायला लागले, आणि त्या हलणाऱ्या ओठांना आवाज नाही हे पाहिल्यावर मामांमधला जुना चोर जागा झाला. उघडं तोंड आणि आत कुणी नाही! असं घर दिसल्यावर आत शिरायचं नाही, तर करायचं काय?

"ऐका हो ऐका!" भोंगा घुमला. दात खडखडले, पण वेळेवर खडखडले. "हे आमचे गव्हर्नरसाहेब! टोपीवरची पिसं बघून घ्या. तिकडे कोंबडा थंडीनं कुडकुडतोय."

पायऱ्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"साहेब म्हणतात, लोकहो, पूल तुम्ही बांधलात. मी फक्त फीत कापणार. तीही सरळ कापता येईल असा भरवसा नाही. साहेब म्हणतात, मला पोहता येत नाही. तुम्ही सपासप हात मारत पलीकडे जायचात आणि मी काठावर बूट हातात घेऊन बसायचो. बायकोदेखत! म्हणून म्हटलं, एक पूल होऊ दे."

आता हसू रांगारांगांतून पसरलं. पडद्यावर गव्हर्नरनं छाती फुगवली. मामा म्हणाले, "साहेब म्हणतात, सदरा घट्ट होतोय, आटोपतं घेतो," आणि नेमका त्याच वेळी गव्हर्नरनं गळपट्टीत बोट घातलं. सभागृह हसून लोळायला लागलं. वकिलातीचे पाहुणे डोळे पुसत होते, आणि बाईंचा चष्मा कुठे गेला ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

मग मुलींची रांग आली. हसू आपोआप ओसरलं. मामांनी भोंगा जरा खाली घेतला आणि पुन्हा वर धरला.

"साहेब म्हणतात, या पोरींकडे नीट बघा. पुलाचा एकेक दगड यांच्या डोक्यावरून आलाय. डोकं मी आणलं असं कुणी सांगेल, त्याला विचारा, मग हे काय आहे? साहेब म्हणतात, पुलावरून जाताना पाय हळू टाका. तुम्ही यांच्या डोक्यावरून चालताय."

आता टाळ्या पडल्या, आणि त्या हसण्यातल्या नव्हत्या. म्हातारी माणसं वाजवत होती, हात दुखेपर्यंत. मामा ताठ झाले. पाठीचं पोक कुठल्या कुठे गेलं.

गव्हर्नरनं हात वर केला, तोंड चांगलं वासलं, आणि मामांनी त्यात अख्खी इमारत घातली :

"आणि साहेब म्हणतात, या पोरींसाठी मी शाळा देतो! उद्या सकाळी या! बसायला आपापलं घेऊन या!"

सभागृह उभं राहिलं. पडद्यावर गव्हर्नर रुमालानं ओठ पुसत होता, नदीकडे बघत होता, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दिवे लागले. बाईंनी खुणेनं मामांना पुढे बोलावलं. पुढचं सांगा.

मामांना सांगा म्हणायचा अवकाश.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," मामा म्हणाले, "गव्हर्नरच्या फाटकासमोर ही गर्दी! कुणी स्टूल आणलं, कुणी खाट आणली, एकानं तर घराचं दार उचकटून आणलं, फळा करायला. एक पोरगी पुलावरची पाण्याची बादली घेऊन आली, फाटकासमोर पालथी घातली आणि बसली तिच्यावर, की शिकवा! साहेबाचा कारभारी धावत बाहेर आला. काय हवंय? शाळा. कुणी सांगितलं? साहेबांनी, काल, पडद्यावर, सगळ्यांच्या देखत! कारभारी आत पळाला. आता साहेबानं इतकी भाषणं ठोकलेली, की कुठं काय बोललो त्याचं त्यालाच आठवेना. तो म्हणाला असेल, बोललो असेन बाबा! त्यात पूल बघायला त्यांच्या राजधानीतून एक बडा साहेब आलेला. त्यानं ही खाटा-स्टुलांची जत्रा पाहिली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि गव्हर्नरचा हात हातात घेऊन म्हणाला, वा, काय थोर विचार! झालं! आता नाही म्हणायची सोय उरली का? पुलाच्या सिमेंटची कोठी रिकामी होती, तीच शाळेला दिली. ती कोठी म्हणजे हे सभागृह. तुम्ही बसलाय त्या कोठीत."

लोक भिंतींकडे बघायला लागले, जणू त्या आत्ताच वर आल्या होत्या.

"तेव्हा कृपा कुणाची ते तुम्हीच ठरवा," मामांनी भोंगा छातीशी धरला. डोळे भरून आले होते, आवाज मात्र खणखणीत. "त्याच्या तोंडात शाळा मी घातली. कुणी सुचवलं नाही, कुणी सांगितलं नाही. तो तोंड वासून उभा होता, आणि माझ्या एकट्याच्या डोक्यातून..."

"खोटं!"

आवाज दारातून आला. सगळ्या माना एकदम वळल्या. दाराशी गर्दीनं वाट दिली, आणि दिसल्या मामी. खुर्ची मिळणार नाही याची खात्री असल्यासारख्या त्या घरूनच बसायला घेऊन आल्या होत्या. पोचे पडलेली बादली पालथी, आणि तिच्यावरून मामी सावकाश उठत होत्या.

"अहो, धडधडीत खोटं! तुम्ही म्हणाला होतात, दर रविवारी बँड वाजवीन. बँड! पूल होईतोवर पाणी वाहून मान मोडलेली आमची, आणि हे आम्हाला बँड देतायत! मी गर्दीतून ओरडले होते, बँड काय डोक्यावर घेऊ? शाळेचं विचारा त्याला! तशा सगळ्या पोरी ओरडल्या, शाळा, शाळा. तुमचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. भाषण संपलं, तरी तुमच्या भोंग्यातून हूं की चूं नाही. आणि मग घाबरत घाबरत म्हणालात, हो, हो, शाळा पण. बाई, तुम्हाला दगडावर काही लिहायचंच असेल तर ना त्या साहेबाचं लिहा, ना यांचं. दिली नाही कुणी. मागितली आम्ही. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर लावा ते रीळ परत आणि नीट बघा, यांच्या भोंग्यातून शाळा निघाली तेव्हा त्या गव्हर्नरचं तोंड मिटलेलं होतं!"